ईनबाईच्या हातचे क्रीम पफ

शेजारच्या दारात कुरडयांचे गहू भिजत पडले की उन्हाळा लागला असं आमच्या बोरी गावात धरतात. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या गव्हाला एक वास सुटतो. आंबूस, थोडा ताकासारखा, थोडा ओल्या पोत्यासारखा. महानंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो इतका आवडायचा की पत्र्याच्या टोपल्यावरचं फडकं उचलून ती उगीच नाक खुपसायची आणि मला म्हणायची, या, तुमी बी घ्या. मी म्हणायचो, मला काय येड लागलंय का. आता ती नाही. आता मीच भिंतीशी उभा राहून परक्याच्या टोपल्याचा वास घेतो आणि माझं डोकं तापतं.

लोकांना वाटतं, म्हातारा बायकोच्या आठवणीनं हळवा झाला. झालो असंल. पण त्या वासानं मला रडू येत नाही. त्या वासानं मला माझी ईनबाई आठवते, माझ्या सुनेची आई, आणि तिचे ते मलई भरलेले फ्रान्सचे गोळे. मी चौथी शिकलेला माणूस. फ्रान्स कोणत्या दिशेला आहे ते मला विचारू नका. पण तिथला हा एक पदार्थ मला मैद्यापासून मलईपर्यंत सगळा करता येतो. कुणाला हौसेनं खाऊ घालावा म्हणून मी तो शिकलो नाही. सूड घ्यायचा होता म्हणून शिकलो. लिहायला बसलोच आहे तर सरळ लिहितो.

आधी चिकाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. भिजलेला गहू वाटून, पिळून, ते पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की तळाशी चीक बसतो. पहाटे चुलीवर आधण ठेवायचं, मीठ-हिंग टाकायचं आणि चीक धारेनं सोडत हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झाली. महानंदा पातेल्याला फडकं गुंडाळून ते पायानं दाबून धरायची आणि दोन्ही हातांनी चाटू फिरवायची. चीक आधी दुधासारखा असतो, मग खळीसारखा होतो, मग एकदम चाटूला ओढून धरतो, काचेसारखा चमकतो आणि पातेल्याच्या कडा सोडतो. त्या घडीला तिच्या दंडाच्या शिरा वर आलेल्या असायच्या आणि कपाळावरची विभूती घामानं भुवईपर्यंत उतरलेली. "सोडल्या कडा," असं म्हणून ती चाटू वर काढायची. सोऱ्यात भरून बाजेवर पहिली कुरडई पडायच्या आधी एक वाटी गरम चीक ती स्वतःसाठी काढायची. वर साखर, वर दूध. उभ्यानंच खायची, डोळे मिटून. गोडावर तिचा लय जीव. लग्नाकार्यात तिच्या ताटात पोळीवर पोळी पडलेली मी पाहिली आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर कधी लाज पाहिली नाही.

आमी लिंगायत. गळ्यात लिंग असतं, ते मरेपर्यंत उतरत नाही. घरात अंडं येत नाही. महानंदा ह्या बाबतीत कडक होती, पण तिचा कडकपणा तिच्या स्वतःच्या ताटापुरता. दुसऱ्यानं काय खावं ह्यावर तिनं कधी तोंड उघडलं नाही. पोराच्या साखरपुड्याला परभणीत केक आला. तिनं हळूच शेजारच्या बाईला विचारलं, ह्यात अंडं असतं का. असतं म्हणल्यावर बशी बाजूला सारली आणि भात मागून घेतला. झालं इतकंच. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटलं होतं. ईनबाईच्या लक्षात आलं होतं. तीही लिंगायतच, पण शहरातली, मोठ्या घरातली, चार बायांत बोलणारी. तिच्या घरी येऊन तिच्या बशीला हात लावला नाही हे तिनं तिच्या माणसांसमोर झालेला अपमान म्हणून मनात ठेवलं. हे मला लय मागून, सुनेकडून कळलं.

नातवाचं बारसं ईनबाईच्या घरी होतं. ऊन असं की परभणीच्या स्टँडवर डांबर चपलेला धरायचं. बायका आतल्या हॉलमध्ये, पंख्याखाली. आमी गडीमाणसं बाहेर ओट्यावर, पण मधलं दार सताड उघडं, त्यामुळं दिसत बी होतं आणि ऐकू बी येत होतं. ईनबाईनं तेव्हा नुकताच घरच्या घरी बेकरीचा क्लास काढला होता. तिनं मोठ्या थाळ्यात ते गोळे आणले. लिंबाएवढे, वरून तांबूस, तडकलेले, आत मलई. त्याचं जे खरं फ्रेंच नाव तिनं सांगितलं ते लहान पोरं मुतायला निघताना म्हणतात तसं ऐकू आलं आणि बाया तोंडाला पदर लावायला लागल्या, म्हणून मग ती क्रीम पफच म्हणाली.

महानंदानं एक उचलला. दातानं तोडला तर मलई नाकाला लागली. ती स्वतःच हसली. दुसरा घेतला. आणि तिची खोड अशी की आवडलं की कसं केलं ते विचारायचं. ईनबाईनं सगळं सांगितलं. पाण्यात लोणी टाकून उकळायचं, मीठ टाकायचं, सगळा मैदा एकदम ओतायचा आणि हाटायचं, कडा सोडीस्तोवर. महानंदाचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "हे तर आमच्या चिकासारखंच हाय की, ईनबाई. आनि मग फुगतं कशानं?"

"ते मागून सांगते," ईनबाई म्हणाली. "आधी खा."

तिनं खाल्लं. बोट चाटलं. मग ईनबाईनं तिला सगळ्या बायांसमोर विचारलं, कसं लागलं. महानंदा म्हणाली, "लय हलकं. कापसावानी."

"चार अंडी पडलीत एका घाण्यात," ईनबाई म्हणाली. "म्हणून हलकं."

बाया हसल्या. बाहेर ओट्यावर आमच्यापर्यंत ते हसू आलं. हसणाऱ्यांत महानंदाची सख्खी बहीण बी होती, ताडकळसची. मी पाहिलं, महानंदाचा हात गळ्याशी गेला, पदराखाली, लिंगावर.  आतल्या खोलीत जाऊन बाळाच्या पायात तिनं आणलेले वाळे घातले, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, चला.

एसटीत ती खिडकीला बसली. बाटलीतलं पाणी दिलं तर घेतलं नाही. घरी आल्यावर लुगड्यासकट विहिरीवर अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी मठात गेलो. स्वामी म्हातारे, दात पडलेले, हळू बोलणारे. ते म्हणाले, माय, अजाणता पोटात गेलं त्याचा दोष न्हाई, विभूती लाव आनि विसरून जा. महानंदा तिथंच बसून राहिली. मग तिनं स्वामींना जे विचारलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अजाणता गेलं ते खरं, स्वामी. पण गोड लागलं, त्याचं काय करू?"

स्वामींनी विभूतीची वाटी तिच्यापुढं सारली. 

तिनं स्वतःच उत्तर काढलं. गोड सोडलं. कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा. मला हळूहळू कळत गेलं. श्रावणात पुरण घातलं, वाढलं, स्वतः भाकरी घेतली. दिवाळीत करंज्या तळल्या, एक तुकडा तोंडात टाकला नाही. चहा बिनसाखरेचा करायला लागली. मी रागावलो, हातापाया पडलो, डॉक्टरनं सांगितलंय का म्हणून टोमणे मारले. ती म्हणायची, आवं, जिभेनं एकदा दगा दिलाय, तिला कशाला लाडवायचं. जिभेनं दगा दिला म्हणे. ज्या बाईनं दिला तिचं नाव तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. तिच्या वाटचं मी घेत होतो. रोज, दात घासताना, औत धरताना, झोपताना.

पुढच्या उन्हाळ्यात कुरडयांचा पहिला घाणा झाला तेव्हा तिनं वाटीत चीक घेतला आणि वर नुसतं मीठ टाकून खाल्ला. डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या घाण्याचे गहू टोपल्यात भिजत होते तेव्हा ती गेली. छातीत कळ आली म्हणाली आणि बाजेवर बसली ती बसलीच. आमच्यात बसवूनच पुरतात. शेताच्या बांधाला, लिंबोणीच्या बाजूला तिची समाधी बांधली. गहू मात्र घरात तसेच राहिले. सगळ्या घराला तो वास. शेवटी शेजारची कमळाबाई टोपलं उचलून घेऊन गेली. ईनबाई मातीला आली होती. कपाळाला विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, पांढरं लुगडं. माझ्यासमोर बसून म्हणाली, फार सात्त्विक बाई होती हो. मी तिच्याकडं बघितलं आणि त्याच वेळी ठरवलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, करायचं हे ठरलं.

वर्षभर विचार केला. भांडण करून काही होत नाही. तोंडाळ बाईशी भांडलं की तीच जिंकते. मला तिला तिच्याच वस्तूनं धरायचं होतं. महानंदाला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी पंगत बसणार, स्वामी येणार, भावकी येणार, ईनबाई येणार. तिच्या पुढ्यात तिचे पफ ठेवायचे. लपवून नाही. आधी सांगून, की ह्यात अंडी आहेत. खाल्ले तर स्वामींसमोर खाल्ले. मी अंडं खात नाही म्हणाली तर स्वामींसमोर खोटं बोलली. कोणतंही दार उघडलं तरी मागं मीच उभा.

विकत आणता आले असते. परभणीत मिळतात. पण मला ते माझ्या हातचे पाहिजे होते. कुणी म्हणू नये की म्हाताऱ्याला माहीत नव्हतं त्यात काय आहे.

अंडी आणणं हेच पहिलं संकट. बोरीच्या स्टँडवर खलीलभाईचा अंड्यांचा गाडा आहे. तीस-चाळीस वर्षं मी त्याच्यासमोरून जातो, सलाम-शरणार्थ होतो, पण गाड्यापाशी कधी थांबलो नाही. त्या दिवशी थांबलो तर त्याला वाटलं, मी कुणाचा पत्ता विचारायलो. अंडी मागितली. तो मागं वळून बघायला लागला, मी दुसऱ्या कुणाशी बोलतोय का. मग हळूच म्हणाला, "आप्पा, तब्येत तो ठीक है ना? डाक्टरनं सांगितलं का?" म्हणलं, डॉक्टरनं नाही सांगितलं, तू दे. त्यानं कागदात गुंडाळून दिली आणि वर बाजूच्या गाड्यावरची कोथिंबिरीची जुडी ठेवली, म्हणाला, ह्याचे पैसे नकोत, ही झाकायला. त्या उन्हाळ्यात माझ्या घरात कोथिंबीर इतकी झाली की ढोरांना घातली.

घरात अंडं न्यायचं नव्हतं. तिची चूल, तिची पातेली, तिचा चाटू, ह्यातलं काही बाटवायचं नव्हतं. सोऱ्या खुंटीला होता, तो खुंटीलाच राहिला. शेतातल्या आखाड्यावर, ढोरं बांधायच्या जागी, तीन धोंड्यांची चूल मांडली. नवं पातेलं, नवा चाटू, मैदा, लोणी, सगळं तिथं. गोळे सोडायला दुधाची पिशवी धुऊन तिचा कोपरा कापला. भट्टी म्हणून जुना डेग, त्यात वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर ताटली, आणि झाकणावर बाभळीचे निखारे. पहिलं अंडं फोडायच्या आधी मी गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत पाठीवर टाकलं. उतरवता येत नाही आणि समोर ठेवून ते काम करवत नव्हतं. पाठीला त्याचा थंडगार स्पर्श झाला. म्हणलं, तू तिकडं बघ, मी इकडचं बघतो.

मैद्याच्या कामाला मला अडचण आली नाही. लोण्याचं पाणी उकळलं, मैदा ओतला, हाटला, आणि खरंच, तो तसाच ओढून धरायला लागला, तसाच चमकला, आणि कडा सोडल्या. हात माझे होते पण चाल तिची होती. पाय पातेल्याला कधी टेकवला ते मला कळलंसुद्धा नाही. त्या घडीला तिथं आखाड्यावर मी एकटा बसून मोठ्यानं म्हणालो, सोडल्या कडा. कुत्र्यानं मान वर करून बघितलं.

पण अंड्याचं जमेना. गरम गोळ्यात अंडं टाकलं तर ते शिजून त्याची भुर्जी झाली. थंड करून टाकलं तर हातातून गोळा निसटायला लागला, बुळबुळीत, ओला, मेलेल्या माशासारखा.  राखेनं हात घासले, लिंबाचा पाला चोळला, तरी वास जाईना. एका वेळी एकच अंडं घालायचं आणि ते गोळ्यानं पार पिऊन घेतल्याशिवाय दुसरं घालायचं नाही, हे मला किती घाणे वाया गेल्यावर उमगलं ते सांगत नाही. भाजायला ठेवले तर पहिल्यांदा तळ जळाला. मग निखारे कमी केले तर वर आलेच नाहीत, भाकरीसारखे पसरले. मग एकदा छान वर आले, वासानं कळलं, मी हरखून झाकण काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते बसले, चिमले, वहाणांसारखे. कुत्रं तेवढं बाळसं धरायला लागलं. दिवसभर ऊन डोक्यावर, खाली विस्तव, आणि मी शिव्या देत बसलेला. शिव्या पदार्थाला नव्हत्या.

मला बरं वाटायचं, खरं सांगतो. वर्षभर नुसता राग होता, त्याला काही काम नव्हतं. आता त्याला हाटायला काहीतरी मिळालं होतं.

सून वर्षा पोराला घेऊन सुट्टीत आली. माझा पोरगा बसवराज नोकरीला संभाजीनगरला, तो दिवसावर येणार होता. वर्षा चांगली पोरगी. महानंदानं तिला लेकीसारखं वागवलं आणि तिनं महानंदाला. मी रोज आखाड्यावर जाऊन काय करतो ते बघायला ती एक दिवस भर दुपारी भाकरी घेऊन आली. डेग बघितला, टरफलं बघितली, वहाणांसारखे गोळे बघितले. बसली. पोरगं कडेवर झोपलेलं.

"कुनासाठी करायलाव, आप्पा?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आहे. म्हणलं, "तुझ्या आईसाठी."

तिनं पोराच्या तोंडावर पदर घेतला. मग म्हणाली, बारशाच्या दिवशी मी बाळाजवळ आतल्या खोलीत होते, मी सगळं ऐकलं होतं. आईला त्या रात्री म्हणाले बी होते. तेव्हाच तिनं मला केकच्या बशीचं सांगितलं. मी विचारलं, काय म्हणाली तुझी आई? वर्षा म्हणाली, आई म्हणाली, एकदा त्यांना बी कळू दे कसं वाटतं ते.

मी डेगाकडं बघत राहिलो. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर हातापाया पडणार, आप्पा असं करू नका म्हणणार. मी काय उत्तर द्यायचं त्याची जुळवाजुळव करत होतो. तिनं एक बसलेला गोळा उचलून मधून तोडला, आत बघितलं, ओलं होतं.

"भाजून झाले की सुईनं भोक पाडा," ती म्हणाली. "आत वाफ कोंडते. ती बाहेर पडली न्हाई की फुगलेलं सगळं खाली बसतं. आनि भोक पाडल्यावर बी थोडा वेळ विस्तवावरच ऱ्हाऊ द्या."

इतकं सांगून तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि बांधानं निघून गेली. समाधीपाशी थांबली, वाकली, पुढं गेली. ती कोणाच्या बाजूनं होती हे मी तिला कधी विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या काट्यानं भोकं पाडली आणि ते बसले नाहीत.

हातात घेतले तर वजनच नाही. वरून कडक, तांबूस, आत पोकळ, एका जाळीचा नुसता आधार. सायीत साखर घालून घुसळली आणि भरली. मी चाखले नाहीत. चाखायचा प्रश्न नव्हता. नुसते बघितले आणि मला तिची नाकाला लागलेली मलई आठवली. इतक्या बिनवजनाच्या वस्तूनं माझ्या घरातलं गोड उचलून नेलं.

महानंदाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी अंगणात मांडव घातला. पत्रावळी मांडल्या. स्वामी मधोमध बसले, बाजूला भावकी, समोरच्या ओळीत बाया. ईनबाई पहिल्या पाटावर. तिच्या शेजारी ताडकळसची मेहुणी. पफ मी भिंतीबाहेर पाटीखाली झाकून ठेवले होते, उंबऱ्याच्या आत नेले नव्हते. पुरणपोळ्या वाढायला वर्षा उभी होती. मी बाहेर गेलो, स्टीलच्या बशीत तीन ठेवले आणि आणून ईनबाईच्या पाटासमोर, पत्रावळीपासून हातभर लांब, जमिनीवर ठेवले.

तिनं ओळखलं. तोंडावर आधी हसू आलं. म्हणाली, अगंबाई, फुगलेत की छान, कुणी केले?

"मी केलेत, ईनबाई. तुमच्याच रीतीनं. चार अंडी पडलीत एका घाण्यात."

स्वामींचा हात पत्रावळीवर थांबला. मांडवात कुणाचंतरी पोरगं बडबडत होतं, त्याच्या आईनं त्याला दटावलं. ईनबाईनं स्वामींकडं बघितलं, मग वर्षाकडं. वर्षा पोळीची टोपली धरून उभी होती आणि आईच्या डोळ्याला डोळा देऊन होती. बिचारीनं मान खाली घातली असती तर कदाचित ईनबाईला काही सुचलं असतं.

"मी अंडं खात नाही," ईनबाई म्हणाली.

मला इतकंच ऐकायचं होतं. मी बशी उचलायला वाकलो. तेवढ्यात स्वामी बोलले, नेहमीसारखं हळू, दात नसल्यामुळं जरा फसफसतं.

"कधीच न्हाई, माय?"

"कधीच नाही, स्वामीजी."

"घरात बी येत न्हाई?"

तिला थांबता आलं असतं. पण सगळ्या बाया बघायलेल्या, आणि तिच्या कपाळावर तीन पट्टे. म्हणाली, नाही.

"लय चांगलं," स्वामी म्हणाले. "मग लिंगावर हात ठेवून एकदा म्हना, की आजपासून जन्मभर येनार न्हाई. जिचं जेवन हाय तिला बरं वाटंल."

ईनबाईचा हात गळ्याशी गेला, पदराखाली. मी तो हात बघितला. तसाच हात मी तिच्याच हॉलमध्ये बघितला होता. ती म्हणाली ते शब्द. शब्द नीट आले नाहीत, पण आले. आणि मग ताडकळसच्या मेहुणीला हसू आलं, पदर तोंडात कोंबला तरी बाहेर फुटलं. त्या बाईला कुठंही हसू येतं. त्या दिवशी मी तिला माफ केलं.

स्वामींनी मला मागून बोलावून सांगितलं, पंगतीत असलं आनू नये, अंगन शेनानं सारवून घे. सारवलं. ते मठातल्या त्या दिवसाबद्दल काही बोलले नाहीत. त्यांच्या ध्यानात होतं की नव्हतं हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण मला जे पाहिजे ते मिळालं होतं, आणि मी मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. मी तिला खोटी पाडायला निघालो होतो. स्वामींनी तिचं गोड काढून घेतलं.

तिनं क्लास बंद केला. लिंगावर हात ठेवून बोललेलं ती मोडत नाही. तेवढी लिंगायत ती निघाली, हे तिच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. बिनअंड्याचे केक करून बघितले, बायांना पसंत पडले नाहीत. तिची भट्टी आता गॅलरीत आहे आणि तिच्यात धुण्याच्या चिमट्यांची टोपली ठेवतात, असं वर्षा सांगते. आमच्याकडं ती येत नाही. नातवाला बघायला संभाजीनगरला जाते, आणि फोनवर माझा आवाज आला की फोन पोरीकडं देते. वर्षाला ह्याचा त्रास होतो, मला दिसतं. तिच्या त्रासाचं मला वाईट वाटतं. तिच्या आईच्या चिमट्यांच्या टोपलीचं वाटत नाही. ते ऐकलं त्या रात्री मला लय दिवसांनी गाढ झोप लागली.

हे सगळं मागच्या उन्हाळ्याचं. आता परत कुरडया आल्या. कमळाबाईनं ह्या वर्षी मला हाटायला बोलावलं. तिचे दंड आता चालत नाहीत, आणि तुमचा हात बसलाय असं गाव म्हणतं, असं म्हणाली आणि हसली. पफचं सगळ्या गावाला माहीत आहे. खलीलभाई अजून विचारतो, आप्पा, कोथिंबीर पाहिजे का. मी गेलो. पहाटेचं चांदणं होतं, चुलीत पऱ्हाट्या तडतडत होत्या. पातेल्याला फडकं गुंडाळलं, पाय टेकवला, हाटलं. कडा सोडल्या. कमळाबाईनं सोऱ्या भरायच्या आधी एक वाटी चीक काढला, वर साखर टाकली, वर दूध टाकलं, आणि माझ्या हातात दिली. तिला ठाऊक होतं ती कुणाची वाटी आहे.

महानंदा गेली तेव्हापासून गोड मी बी खाल्लं नव्हतं. नवस वगैरे नाही, घशाखाली जात नव्हतं.

वाटी घेऊन बांधाबांधानं समाधीवर गेलो. उजाडत होतं. वाटी तिथं ठेवली. म्हणलं, तिचं गोड बंद केलं मी. आता तू खा. लिंबोणीवर एक चिमणी होती, बाकी कुणी नव्हतं. वर्षा मला म्हणत असते, आप्पा, झालं ते झालं, आता तरी मन निवू द्या. त्या घडीला मला बी वाटलं, आता निवंल. सूड पुरा झाला, वर्ष उलटलं, चीक माझ्या हातचा आहे, आणि ती माझ्यासमोर बसलेली आहे. मी वाटीत बोट घातलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले.

गोड लागला. इतका गोड की मला जबड्यात कळ आली. गरम, गव्हाच्या त्या आंबूस वासाचा, साखर अर्धी विरघळलेली, अर्धी दाताखाली. हे तिच्या हातात होतं, दर उन्हाळ्याला, उभ्यानं. आणि शेवटच्या उन्हाळ्यात तिनं ह्याच्यावर मीठ टाकून खाल्लं, डोळे उघडे ठेवून.

राग निवला नाही. मी वाटी पुसून खाल्ली आणि घरी आलो. सुट्टीला आलेली वर्षा फोनवर आईशी बोलत होती. मला बघून तिनं फोन पुढं केला, डोळ्यांनी विचारलं, बोलता का.

मी हात धुवायला गेलो.